मानवी हक्कांची राष्ट्रीय संरक्षण यंत्रणा बळकट कशी होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विकसनशील देशांत मानवी हक्कांसाठी काम करणारे कार्यकर्ते, वकील, पत्रकार, सरकारी अधिकारी आणि अभ्यासक यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत मतेही आहेत. हक्कांचा कायदा बहुतेक देशांत आता आहे. घोडे अडते ते तक्रार नोंदवल्यानंतर. ती तक्रार कोणाच्या टेबलावर जाते, तिचा तपास कोण करते आणि निर्णय झाल्यावर तो अमलात आला की नाही हे कोण बघते, यावरच या पानाचा सगळा रोख आहे.

राष्ट्रीय संरक्षण यंत्रणा म्हणजे मानवी हक्क आयोगच ना?

नाही. आयोग हा तिचा एक भाग. राज्यघटना आणि कायदे, न्यायालये, पोलीस, तुरुंग, संसद, आयोग किंवा लोकपाल, मोफत कायदेशीर मदत, वृत्तपत्रे आणि नागरी संघटना हे सगळे मिळून यंत्रणा होते. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे महासचिव कोफी अन्नान यांनी २००२ च्या सुधारणा अहवालात हाच मुद्दा पुढे आणला होता. माणसाच्या हक्कांचे रक्षण त्याच्या स्वतःच्या देशातच व्हायला हवे. बाहेरच्यांनी त्या देशाच्या संस्थांना बळ द्यावे, त्यांची जागा घेऊ नये, असा त्याचा आशय होता.

यंत्रणा आहे की नाही हे तपासायचे तर एक साधा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. एका मजुराला रात्री उचलून पोलीस ठाण्यात आणले. त्याच्या घरच्यांना कधी कळेल? वकील कधी भेटेल? त्याला दंडाधिकाऱ्यासमोर किती तासांत उभे करतील? अंगावर वळ असतील तर डॉक्टर ते लिहून ठेवील का? या चारांपैकी एका जरी प्रश्नाचे उत्तर ‘नशीब असेल तर’ असे येत असेल, तर यंत्रणा तिथे तुटलेली आहे.

घटनेत हक्क आहेत, आंतरराष्ट्रीय करारांवर सह्या आहेत. मग अडते कुठे?

सहीपासून अंमलबजावणीपर्यंतच्या वाटेत. नागरी व राजकीय हक्कांचा आणि आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा असे दोन्ही मूळ करार १९६६ मध्ये संमत झाले आणि १९७६ मध्ये लागू झाले. काही देशांत करार मान्य झाला की तो थेट देशाच्या कायद्याचा भाग होतो. नेपाळच्या १९९० च्या करारविषयक कायद्यानुसार तर संसदेने मान्य केलेला करार आणि देशी कायदा यांत विरोध आला तर करार वरचढ ठरतो. अनेक देशांत मात्र संसदेने वेगळा कायदा केल्याशिवाय करारातली कलमे न्यायालयात थेट लागू होत नाहीत. भारताने छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अजून अनुसमर्थन, म्हणजे करार बंधनकारक करणारी अंतिम मान्यता, दिलेले नाही.

कायदा झाल्यावरही नियम, नमुने, प्रशिक्षण आणि पैसा लागतो. छळ हा गुन्हा ठरवला, पण वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मवर जखमांसाठी दोनच ओळींची जागा ठेवली, तर त्या गुन्ह्याचा पुरावा उभा राहणार नाही. कायद्याच्या मसुद्यावर महिनोन्‌महिने चर्चा होते. फॉर्म कसा असावा यावर एक बैठकही होत नाही. माझ्या मते अर्धे अपयश याच दुर्लक्षात आहे.

आयोग स्वतंत्र आहे की नावापुरता, हे कोण ठरवते?

त्यासाठी जगभर मान्य झालेली कसोटी म्हणजे पॅरिस तत्त्वे. १९९१ मध्ये पॅरिसमधल्या कार्यशाळेत ती तयार झाली आणि २० डिसेंबर १९९३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव ४८/१३४ ने ती मान्य केली. आयोगाचे कार्यक्षेत्र व्यापक असावे आणि ते घटनेत किंवा कायद्यात लिहिलेले असावे. सदस्यांत समाजाच्या वेगवेगळ्या थरांचे प्रतिनिधित्व असावे. आयोगाला स्वतःची माणसे, स्वतःची जागा आणि स्वतःचा पैसा असावा. सदस्यांचा कार्यकाळ निश्चित असावा, असा त्यांचा गाभा आहे.

ही तत्त्वे पाळली जातात का, हे राष्ट्रीय आयोगांच्या जागतिक आघाडीची मान्यता उपसमिती तपासते. पूर्ण उतरणाऱ्या आयोगाला ‘ए’ दर्जा मिळतो, अंशतः उतरणाऱ्याला ‘बी’. दर पाच वर्षांनी फेरतपासणी होते. ‘ए’ दर्जाच्या आयोगाला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत स्वतःच्या नावाने बोलता येते, त्यामुळे दर्जा घसरला की सरकारची जाहीर नाचक्की होते.

या दर्जाला महत्त्व आहे, पण तो शेवटचा शब्द नव्हे. उपसमिती कायदा, नेमणुका, अहवाल असे बरेच काही बघते, तरी दूरच्या जिल्ह्यातल्या तक्रारदाराला आठ महिने उत्तर आले नाही, हे तिच्या कागदांत उमटेलच असे नाही.

सदस्यांच्या नेमणुकीवर एवढा वाद का होतो? शेवटी काम महत्त्वाचे, नाही का?

काम कसे होणार हे नेमणुकीच्या दिवशीच बरेचसे ठरते. श्रीलंकेचा अनुभव यासाठी नीट समजून घेण्यासारखा आहे.

तिथला आयोग १९९६ च्या कायद्याने झाला. २००१ मध्ये घटनेची सतरावी दुरुस्ती झाली आणि अशा महत्त्वाच्या नेमणुकांसाठी घटनात्मक परिषद आली. राष्ट्राध्यक्षांनी परिषदेच्या शिफारशीशिवाय आयोगाचे सदस्य नेमायचे नाहीत, असा नियम झाला. पुढे परिषदेच्या सदस्यांची मुदत संपली आणि तिच्या जागा भरल्याच गेल्या नाहीत. परिषद नाही म्हणून राष्ट्राध्यक्षांनी २००६ मध्ये आयोगाचे सदस्य थेट नेमले. आयोगाच्या कायद्यातला एक शब्दही बदलला नव्हता, तरी २००७ मध्ये आयोगाचा दर्जा ‘ए’वरून ‘बी’वर आला. ती यादवी युद्धाची वर्षे होती, माणसे बेपत्ता होत होती, आणि नेमक्या त्याच काळात लोकांना विश्वास वाटेल असा आयोग देशात उरला नव्हता. २०१५ च्या एकोणिसाव्या दुरुस्तीने परिषद परत आली आणि २०१८ मध्ये आयोगाला ‘ए’ दर्जा पुन्हा मिळाला. २०२० च्या विसाव्या दुरुस्तीने परिषदेचे अधिकार काढले, २०२२ च्या एकविसाव्या दुरुस्तीने ते परत दिले.

म्हणजे सत्तेला आयोग निकामी करायचा असेल तर तो बरखास्त करावा लागत नाही. नेमणूक करणारी समिती रिकामी ठेवली तरी पुरते. म्हणून कायद्यातच लिहून ठेवायला हवे: जागा रिकामी झाल्यावर किती दिवसांत भरायची, जाहिरात कुठे द्यायची, उमेदवारांची नावे जाहीर करायची की नाही, निवड समितीत सरकारी पक्षाखेरीज कोण असेल, आणि सदस्याला कोणत्या कारणासाठी व कोणत्या प्रक्रियेने काढता येईल. मलेशियाच्या आयोगाला दर्जा जाण्याची सूचना मिळाल्यावर तिथल्या सरकारने २००९ मध्ये कायदा बदलून निवड समितीची तरतूद केली. बाहेरचा दट्ट्या कधीकधी उपयोगी पडतो, तो असा.

आणखी एक. निवृत्त न्यायाधीश आणि निवृत्त सनदी अधिकारी यांनीच आयोग भरून टाकायची सवय अनेक देशांना आहे. त्यांचा अनुभव मोलाचा असतो, यात शंका नाही. पण ज्यांच्यावर अन्याय होतो त्या समाजातली, त्यांच्या भाषा बोलणारी, तुरुंग आणि झोपडपट्टी आतून ओळखणारी माणसे आयोगात नसतील, तर फाइलीवरचे शेरे अचूक पडतात आणि तक्रारदार मात्र दारापर्यंत येत नाही.

आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक असाव्यात का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि त्याचे सरळ हो किंवा नाही असे उत्तर देता येत नाही.

युगांडाने आयोगाला मोठे अधिकार दिले. तिथल्या १९९५ च्या घटनेनुसार आयोग कोठडीतल्या माणसाच्या सुटकेचा आणि भरपाईचा आदेश देऊ शकतो. त्यावर उच्च न्यायालयात अपील होते. आयोगाने सुनावण्या घेतल्या, भरपाईचे आदेशही काढले. पण सरकारी तिजोरीतून ती रक्कम निघेना आणि थकबाकी वर्षानुवर्षे वाढत गेली. आदेश बंधनकारक असूनही पीडिताच्या हातात पैसे पडले नाहीत. पुढे २०१९ च्या कायद्याने हक्कभंग करणाऱ्या अधिकाऱ्याला व्यक्तिशः जबाबदार धरण्याची तरतूद झाली.

दक्षिण आफ्रिकेत दोन घटनात्मक संस्थांच्या वाट्याला दोन वेगळे निकाल आले. २०१६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने सांगितले की लोकरक्षक, म्हणजे पब्लिक प्रोटेक्टर या पदाने सुचवलेली उपाययोजना पाळावीच लागते; पटत नसेल तर न्यायालयात जावे, दुर्लक्ष करता येणार नाही. तो खटला राष्ट्राध्यक्षांच्या खासगी निवासस्थानावर झालेल्या सरकारी खर्चाचा होता. मानवी हक्क आयोगाच्या बाबतीत मात्र २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने उलटा निकाल दिला. एका शेतावर राहणाऱ्या लोकांचे पाणी मालकाने तोडले होते. पाणी पुन्हा सुरू करा, असे आयोगाने बजावले. मालकाने ऐकले नाही. आयोगाचे असे निर्देश आपोआप बंधनकारक होत नाहीत, असे न्यायालय म्हणाले.

घानाचा मार्ग मला जास्त व्यवहारी वाटतो. तिथल्या १९९३ च्या कायद्यानुसार आयोगाने अहवाल दिल्यावर तीन महिन्यांत पुरेशी कारवाई झाली नाही, तर आयोग स्वतः न्यायालयात जाऊन योग्य तो आदेश मागू शकतो. पीडिताला नव्याने वकील शोधावा लागत नाही, आणि सक्तीचा अधिकार न्यायालयाकडेच राहतो.

काहीच जमत नसेल तर निदान प्रसिद्धी. नेपाळच्या आयोगाने ऑक्टोबर २०२० मध्ये वीस वर्षांतल्या शिफारशींचा आढावा घेऊन, ज्यांच्यावर कारवाईची शिफारस केली होती त्या २८६ जणांची नावेच छापली. त्यांत पोलीस, लष्करी आणि नागरी अधिकारी होते. नावे छापली म्हणून सगळ्यांवर खटले भरले गेले नाहीत. पण ‘काही अधिकाऱ्यांवर कारवाईची शिफारस’ या गुळमुळीत भाषेआड लपण्याची सोय त्या दिवशी संपली.

आयोगाला निधी किती असावा, आणि तो कोणाच्या हातात?

आकडा देशागणिक बदलेल. निधी कोणत्या वाटेने येतो हे अधिक महत्त्वाचे. गृह किंवा कायदा मंत्रालयाच्या अर्थसंकल्पातला उपशीर्ष म्हणून आयोगाचा पैसा येत असेल, तर ज्याची चौकशी करायची त्याच्याकडेच हात पसरावा लागतो.

फिलिपिन्समध्ये १२ सप्टेंबर २०१७ रोजी प्रतिनिधीगृहाने आयोगाचा वार्षिक निधी १,००० पेसोवर आणण्याच्या बाजूने ११९ विरुद्ध ३२ मतांनी कौल दिला. आयोगाने तेव्हाच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेतल्या हत्यांवर टीका केली होती. देशात आणि बाहेर ओरड झाली आणि निधी परत मिळाला. १९८७ च्या घटनेतच आयोगाची तरतूद आहे, म्हणून तो बंद करता आला नसता. उपाशी ठेवण्याचा प्रयत्न झाला. त्यामुळे आयोगाचा अर्थसंकल्प थेट संसदेपुढे यावा, मंजूर रक्कम ठरलेल्या तारखांना सुटावी आणि वर्षाच्या मध्यात कपात करू नये, इतके तरी कायद्यात हवेच.

‘आधी विकास, मग हक्क’ असे म्हणतात. गरीब देशाला हे सगळे परवडते का?

परवडते. महागडे उपायच पहिल्यांदा करावे लागतात हा समज चुकीचा आहे.

मलावीत २००० साली पॅरालीगल सल्ला सेवा सुरू झाली. वकिलांची संख्या अगदी तोकडी होती आणि खटला सुरू होण्याची वाट बघत तुरुंगात पडलेले लोक भरपूर होते. वकील नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी तुरुंगात जाऊन वर्ग घ्यायला सुरुवात केली: जामीन म्हणजे काय, तो कसा मागायचा, न्यायाधीशांसमोर काय बोलायचे. ज्यांची कोठडीची मुदत उलटून गेली होती त्यांच्या याद्या त्यांनी केल्या. दंडाधिकारीच तुरुंगात येऊन प्रकरणे बघतील अशी शिबिर न्यायालयेही भरली. यासाठी नवी इमारत लागली नाही. विनाकारण अडकलेला कमावता माणूस घरी परतला की कुटुंबाचा रोजगार वाचतो आणि तुरुंगाचा खर्चही.

विकासाच्या नावाखाली हक्क मागे ढकलले की जमीन, पाणी, मजुरी यांवरचे वाद सोडवायची जागा उरत नाही आणि ते रस्त्यावर येतात. त्याची किंमत गरीब देशाला जास्त मोजावी लागते.

कोठडीतला छळ थांबवायचा आहे. पहिले पाऊल कोणते?

नोंदी. माझा सगळ्यात जास्त आग्रह याच गोष्टीचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

छळ बहुतेक वेळा अटकेनंतरच्या पहिल्या काही तासांत होतो, आणि नेमके तेच तास कागदावर नसतात. माणूस सकाळी उचललेला असतो, अटक दाखवतात संध्याकाळी. त्यामुळे छळविरोधी कराराला २००२ मध्ये जो वैकल्पिक पूरक करार जोडला गेला आणि जो २००६ मध्ये लागू झाला, त्यात राष्ट्रीय प्रतिबंधक यंत्रणेची कल्पना आहे. ही यंत्रणा पोलीस कोठड्या, तुरुंग, मनोरुग्णालये, स्थानबद्धता केंद्रे अशा जागांना नियमित भेटी देते. हा पूरक करार मान्य करणाऱ्या देशाने साधारण वर्षभरात ती उभारायची असते. बऱ्याच देशांनी हे काम आयोगाकडेच सोपवले आहे. मंगोलियाने २०२० च्या कायद्याने तसे केले.

अशी भेट चांगली कशी होते? पूर्वसूचना न देता गेलेले पथक आधी सगळी रजिस्टरे मागवते आणि एकमेकांना लावून बघते. कोठडीच्या नोंदवहीत त्या रात्री चार माणसे आहेत, पण जेवणाच्या हिशेबात सहा जणांचे जेवण लागले आहे. मग उरलेले दोघे कोण? ठाण्याच्या डायरीत अटकेची वेळ रात्री नऊची आहे, आणि त्याच माणसाच्या वैद्यकीय तपासणीच्या कागदावर दुपारी चार वाजले आहेत. एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात, एका बैठकीत लिहिल्यासारख्या दहा दिवसांच्या नोंदी दिसतात. कोठडीशेजारच्या खोलीला कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे हे कोणालाच ठाऊक नाही. हे सगळे बघून झाल्यावर कैद्यांशी एकेकट्याने, पोलिसांच्या नजरेआड बोलणे होते. आणि नंतर पुन्हा भेट द्यावीच लागते, कारण पथकाशी बोलल्याबद्दल कोणाला मार बसला का हे फक्त दुसऱ्या भेटीतच कळते.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १८ डिसेंबर १९९६ रोजी अटकेच्या वेळी काय काय पाळायचे हे घालून दिले: अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवणे, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. डिसेंबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. कॅमेरे उपयोगाचे आहेतच. पण चित्रण किती काळ ठेवायचे, ते कोणाला बघता येईल आणि ‘त्या दिवशी कॅमेरा बंद होता’ असे सांगणाऱ्यावर काय कारवाई होईल, हे ठरल्याशिवाय त्यांचा धाक बसत नाही.

डॉक्टरांचे प्रशिक्षण यात सहसा विसरले जाते. छळाच्या खुणा कशा नोंदवाव्यात यासाठी इस्तंबूल नियमावली १९९९ पासून उपलब्ध आहे, आणि २०२२ मध्ये ती अद्ययावत झाली. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला ती माहीत असणे हे राजधानीतल्या परिषदेपेक्षा जास्त मोलाचे आहे.

पोलिसांविरुद्धच्या तक्रारीचा तपास पोलिसांनीच करायचा का?

नाही. तक्रार फिरून फिरून त्याच ठाण्याकडे ‘अहवालासाठी’ जाते, तिथून ‘तथ्य आढळले नाही’ असे उत्तर येते आणि प्रकरण दप्तरी दाखल होते, हा अनुभव अनेक देशांत एकसारखा आहे. केनियाने २०११ च्या कायद्याने पोलिसांवर देखरेख ठेवणारे स्वतंत्र प्राधिकरण नेमले. दक्षिण आफ्रिकेत २०१२ पासून स्वतंत्र पोलीस तपास संचालनालय आहे. पोलीस कोठडीतले मृत्यू आणि पोलिसांच्या कारवाईत झालेले मृत्यू त्याला तपासावेच लागतात.

आयोगाच्या तपास शाखेतही हीच अडचण लपलेली असू शकते. भारताच्या राष्ट्रीय आयोगाच्या तपास शाखेत पोलीस दलातून प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी असतात, आणि मान्यता उपसमितीने त्यावर वारंवार आक्षेप घेतला आहे. ते अधिकारी मनापासून काम करत असतील, तरी मार खाल्लेला माणूस त्यांच्यासमोर मोकळेपणाने बोलत नाही. आयोगाने स्वतःचे तपास अधिकारी भरती करून घडवावेत. त्याला वेळ लागतो, म्हणूनच उशीर न करता सुरुवात करावी.

एकच आयोग हवा की महिला, अल्पसंख्याक, बालके यांसाठी वेगवेगळे?

दोन्ही पद्धती चालतात. घानात मानवी हक्क, प्रशासकीय गाऱ्हाणी आणि भ्रष्टाचारविरोध ही तिन्ही कामे एकाच आयोगाकडे आहेत. केनियाने २०१० च्या घटनेनंतर मानवी हक्क, लिंगभाव व समानता, आणि प्रशासकीय न्याय अशा तीन संस्था केल्या. पैसा आणि माणसे कमी असतील तर माझा कल एकाकडे आहे. संस्था जास्त झाल्या की तक्रारदाराला या दारातून त्या दारात पाठवले जाते. वेगळ्या संस्था असल्याच, तर तक्रार कुठेही द्या, ती योग्य जागी पोचवण्याची जबाबदारी संस्थांची, असा नियम हवा.

आणीबाणी किंवा सशस्त्र संघर्षाच्या काळात हे सगळे स्थगित होते का?

सगळे नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचे कलम ४ काही हक्कांवर मर्यादा घालू देते, पण जगण्याचा हक्क, छळापासून आणि गुलामगिरीपासून मुक्ती, विचार व धर्मस्वातंत्र्य असे काही हक्क कोणत्याही परिस्थितीत स्थगित करता येत नाहीत. देशांतर्गत कायदे मात्र आयोगाचे हात इथेच बांधतात. भारताच्या १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम १९ नुसार सशस्त्र दलांविरुद्धच्या तक्रारीत आयोग केंद्र सरकारकडून अहवाल मागवतो आणि शिफारस करतो, नेहमीसारखा स्वतः तपास करत नाही. जिथे धोका सगळ्यात मोठा, तिथेच आयोगाचा अधिकार सगळ्यात लहान असणे हे चूक आहे. अशी कलमे बदलावीत, ही मागणी कोणत्याही सुधारणेत पहिल्या पाचांत असली पाहिजे.

जिनिव्हातल्या आढाव्यांचा देशातल्या माणसाला काय उपयोग?

जिनिव्हात भरणाऱ्या मानवी हक्क परिषदेचा सार्वत्रिक आवर्ती आढावा २००८ पासून चालू आहे. साधारण साडेचार वर्षांच्या फेरीत संयुक्त राष्ट्रांच्या सर्व १९३ देशांची पाळी येते. बाकीचे देश शिफारशी करतात. आढावा होणारा देश काही स्वीकारतो, काहींची नुसती नोंद घेतो.

उपयोग होतो तो परत आल्यावर कोणी पाठपुरावा केला तरच. एका देशावर यातून आणि करारांच्या पालनावर लक्ष ठेवणाऱ्या समित्यांकडून मिळून शेकडो शिफारशी साचतात आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या कपाटात राहतात. पॅराग्वेने यावर चांगली तोड काढली. सिमोरे नावाच्या सार्वजनिक ऑनलाइन प्रणालीत प्रत्येक शिफारस कोणत्या खात्याची, तिचे पुढे काय झाले, हे कोणालाही बघता येते. शिफारशीसमोर खात्याचे नाव आले की ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणणे अवघड होते. आपल्या देशात अशी प्रणाली नसेल तर संघटनांनी स्वीकारलेल्या शिफारशींचा तक्ता स्वतः करावा आणि अर्थसंकल्पाच्या आधी संबंधित खासदारांच्या हाती द्यावा.

कार्यकर्ते आणि साक्षीदार यांना संरक्षण कसे मिळेल?

त्यांच्याशिवाय कोणतीही तक्रार टिकत नाही. २०१४ मध्ये आयव्हरी कोस्टने मानवी हक्क रक्षकांसाठी कायदा केला, तो आफ्रिकेतला पहिला. एप्रिल २०२१ मध्ये मंगोलियाने केला, तो आशियातला पहिला. कायद्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे धमकी आल्यावर रात्री फोन उचलणारे कोणीतरी असणे, आणि साक्षीदाराचा पत्ता आरोपीच्या हाती जाणाऱ्या कागदावर न छापणे.

परदेशी निधीतून चालणाऱ्या प्रकल्पांनी यंत्रणा बळकट होते का?

कधी होते, कधी नाही. प्रकल्प दोन-तीन वर्षांचा असतो. किती प्रशिक्षणे झाली, किती जण हजर होते, हे मोजून तो संपतो. प्रशिक्षित अधिकाऱ्याची पुढच्या महिन्यात बदली होते. टिकते ते काम जे देशाच्या स्वतःच्या नियमांत आणि अर्थसंकल्पात उतरते: पोलीस अकादमीचा कायमचा अभ्यासक्रम, तक्रारींची नोंद ठेवणारी प्रणाली, जिल्हा कार्यालयातली मंजूर पदे. देणगीदाराशी बोलताना पहिला प्रश्न हाच विचारावा की तुमचा पैसा थांबला की या पदाचा पगार कोण देणार.

प्रगती होते आहे हे कसे ओळखावे?

शाश्वत विकास उद्दिष्टांत १६.अ.१ हा निर्देशक आहे: पॅरिस तत्त्वांना धरून स्वतंत्र राष्ट्रीय संस्था देशात आहे का. तो आयोग आहे की नाही एवढेच सांगतो. त्यापलीकडे मी चार गोष्टी बघतो: तक्रार ते निर्णय यातला काळ, अमलात आलेल्या शिफारशींचे प्रमाण, एकूण कैद्यांत खटला न संपलेल्यांचे प्रमाण, आणि राजधानीबाहेरून येणाऱ्या तक्रारी. तक्रारींची संख्या वाढली म्हणून घाबरू नये. नवे जिल्हा कार्यालय उघडल्यावर ती वाढतेच, आणि ते चांगले लक्षण आहे. संघर्ष चालू असलेल्या भागातून एकही तक्रार येत नसेल तर काळजी करावी.

मला स्वतःला तक्रार करायची आहे. काय लक्षात ठेवू?

मुदत आधी बघा. भारतात घटनेपासून एक वर्षानंतर आयोग चौकशी करू शकत नाही. नेपाळच्या २०१२ च्या कायद्यात सहा महिन्यांची अट होती. ती तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द ठरवली. आपल्या देशाचा नियम आयोगाच्या कार्यालयात विचारून घ्या.

घटना तारीख, वेळ आणि जागा देऊन क्रमाने लिहा. अधिकाऱ्याचे नाव माहीत नसेल तर हुद्दा, बिल्ला क्रमांक, गाडीचा क्रमांक, चेहरेपट्टी, जे आठवेल ते लिहा. ऐकीव गोष्ट आणि स्वतः पाहिलेली गोष्ट वेगळी ठेवा. जखमा असतील तर त्याच दिवशी सरकारी डॉक्टरकडून तपासून घ्या, आणि तारीख दिसेल असे फोटो काढा. मूळ कागद कोणालाही देऊ नका. प्रती द्या आणि पोच घ्या. हेच प्रकरण न्यायालयात चालू असेल तर ते तक्रारीत स्पष्ट लिहा, कारण अनेक आयोग अशी तक्रार दाखल करून घेत नाहीत आणि लपवले तर नंतर ती फेटाळली जाते. सूड उगवला जाण्याची भीती असेल तर नाव गुप्त ठेवण्याची विनंती पहिल्याच ओळीत करा. बऱ्याच आयोगांत नातेवाईक किंवा संघटनाही पीडिताच्या वतीने तक्रार देऊ शकतात.

तक्रार क्रमांक मिळाल्यावर महिन्याभराने लेखी विचारणा करा, आणि ‘अहवाल मागवला आहे’ असे उत्तर आले तर कोणाकडून मागवला हे विचारा. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच कार्यालयाकडून मागवला असेल, तर तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावा असा अर्ज लगेच करा आणि त्याचीही पोच घ्या.